कराची–बिदर रेघेखालचा जिल्हा

दुसऱ्या महायुद्धातील हेरकथांचे मराठी वाचकाला वेड आहे. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ घराघरांत वाचले गेले. त्या पाठोपाठ भाषांतरित कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले. बनावट पारपत्रे, अंगरख्याच्या अस्तरात शिवलेले नकाशे, रात्रीच्या अंधारात हवाई छत्रीने उतरणारे हेर यांची एक ठरावीक सृष्टी आपल्या मनात तयार झाली. या सृष्टीत चांगले कोण आणि वाईट कोण याची शंका येत नाही. समोर हिटलर आहे म्हटल्यावर त्याच्याविरुद्ध खोटे बोलणारा, चोरून छायाचित्रे घेणारा, सीमेवरून शस्त्रे नेणारा प्रत्येक जण आपोआप आपला होतो.

या लेखातला माणूस अशाच एका हेरकथेचा खराखुरा नायक आहे. फरक इतकाच, की तीच कथा पुढे नऊ वर्षांनी आमच्या बीड जिल्ह्याच्या माथ्यावरून गेली, आणि त्या वेळी तो आमच्या बाजूला नव्हता.

फिकट हिरव्या रंगाचे विमान

फ्रेडरिक सिडनी कॉटन हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जन्म १८९४, क्वीन्सलंड. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलात वैमानिक होता. उंचावरच्या थंडीपासून संरक्षण करणारा एक पोशाख त्याने तयार केला. त्याच्याच नावावरून ‘सिडकॉट’ म्हणून ओळखला गेलेला हा पोशाख पुढे बरीच वर्षे वैमानिक वापरत राहिले. युद्ध संपल्यावर त्याने अनेक धंदे केले. त्यांत रंगीत फिल्मचाही एक धंदा होता, आणि पुढे तोच उपयोगी पडला.

१९३८–३९च्या सुमारास ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या फ्रेड विंटरबॉटम यांनी त्याला हाताशी धरले. लॉकहीड बनावटीचे एक लहान प्रवासी विमान घेण्यात आले. विमानाच्या पोटात कॅमेरे बसवले, त्यांच्या भोकांवर सरकती झाकणे लावली. उंचावर भिंगांवर दव जमून चित्र धुरकट होऊ नये म्हणून विमानातली उबदार हवा त्यांच्यावरून खेळवली. आकाशात ते चटकन दिसू नये म्हणून फिकट हिरवा रंग दिला. वरकरणी हा एक सुखवस्तू ब्रिटिश व्यापारी, धंद्याच्या कामासाठी जर्मनीत ये-जा करणारा. प्रत्यक्षात तो ज्या विमानतळांवरून, कारखान्यांवरून, तटबंदीवरून जाई त्यांची छायाचित्रे लंडनला पोहोचत.

१९३९च्या उन्हाळ्यात फ्रँकफुर्टला विमानांचा मेळावा भरला. जर्मन हवाई दलाचे सेनानी केसेलरिंग यांना या विमानातून फिरण्याची हौस झाली. कॉटनने त्यांना नेले, आणि त्यांच्याच उपस्थितीत पायाखालचे कॅमेरे चालू ठेवले, असे तो स्वतः सांगत असे. ऑगस्टच्या अखेरीस, युद्ध तोंडावर आले असताना, तो बर्लिनहून निघाला आणि परतीच्या वाटेवर जर्मन आरमाराची छायाचित्रे घेऊन आला. युद्ध पेटल्यावर ब्रिटिश हवाई दलाच्या छायाचित्रण पथकाची सूत्रे त्याच्याकडे आली. स्पिटफायर विमानातल्या तोफा काढून टाकायच्या, वजन कमी करायचे, पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि केवळ वेग व उंची यांच्या भरवशावर कॅमेरे शत्रूच्या डोक्यावर न्यायचे, ही कल्पना त्याने तडीस नेली. वरिष्ठांशी त्याचे पटले नाही. जून १९४०मध्ये त्याला दूर करण्यात आले. पण त्याने घालून दिलेल्या पद्धतीवर पुढचे सारे काम उभे राहिले. इथवरची गोष्ट सांगून कुणी थांबला असता, तर ती एक उत्तम हेरकथा झाली असती.

नकाशावर पट्टी

मी दिंद्रुडचा. माजलगाव तालुक्यातले हे गाव. आमच्याकडे जुनी माणसे वर्षे आकड्यांत सांगत नसत. ‘रझाकाराच्या वक्ताला’, ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या साली’ असे सांगत. त्या दोन शब्दांमागे काय होते याचा शोध घेताना मला कॉटनचे नाव भेटले.

१५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, हैदराबाद संस्थान झाले नाही. मराठवाड्याचे पाच जिल्हे, तेलंगणा आणि कन्नड भाग मिळून झालेल्या या संस्थानाची लोकसंख्या १९४१च्या शिरगणतीत एक कोटी साठ लाखांवर होती. त्याच १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. २९ नोव्हेंबरला निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला. तो दोन्ही बाजूंना वेळ हवा होता म्हणून झालेला होता. लायक अली पंतप्रधान झाले. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या हाती रझाकार संघटना होती, आणि प्रत्यक्षात राज्य कोणाचे हे कळेनासे झाले. भारताने कोंडी केल्यामुळे शस्त्रे मिळेनात. समुद्रकिनारा नाही, चारही बाजूंना भारत. उरले आकाश.

इथे कॉटन आला. लँकॅस्टर ही जर्मन शहरांवर बाँब टाकणारी विमाने. त्यांचेच लँकॅस्ट्रियन नावाचे प्रवासी रूप निघाले होते. अशी विमाने त्याने मिळवली. १९४८मध्ये ती कराचीहून रात्री निघत, भारताच्या हद्दीवरून जात आणि बिदर, वरंगळ इथल्या धावपट्ट्यांवर शस्त्रे, दारूगोळा उतरवून उजाडायच्या आत परतत. भारत सरकारला हे कळले, वृत्तपत्रांत बातम्या आल्या, निषेधही झाले.

शाळेतल्या नकाशावर मी एकदा कराची आणि बिदर यांच्यावर पट्टी ठेवून पाहिली. अंतर तेराशे किलोमीटरच्या थोडे वर. ती रेघ सौराष्ट्र ओलांडते, सुरतेच्या आसपास किनाऱ्याला लागते, नाशिकच्या उत्तरेकडून येत पैठणच्या बाजूला गोदावरी पार करते, आणि बीड, अंबाजोगाई यांच्या जवळून थेट बिदरला उतरते. दिंद्रुड त्या रेघेच्या जरासे उत्तरेला. रात्रीची विमाने पट्टीने आखल्यासारखी उडत नसतात, म्हणून या रेघेतून मी पुरावा काढत नाही. पण भूगोल काढता येतो. ज्या माणसाने विमानात दडवलेल्या डोळ्यांनी हिटलरच्या जर्मनीवर नजर ठेवली, त्याच्या शस्त्रांची सरळ वाट आमच्या ज्वारीच्या रानांवरून जात होती.

रेघेखाली

रेघेच्या वर पैसा, यंत्र आणि धाडस होते. रेघेखालीही एक गुप्त काम चालू होते, आणि ते कॉटनपेक्षा कितीतरी जुने होते.

संस्थानात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाचे नाव मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठ होते. खासगी शाळा, आखाडे, वाचनालये यांच्यावरही नजर असे. म्हणून इथे राजकारण शाळेच्या दाराने आले. अंबाजोगाईचे, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादचे, योगेश्वरी नूतन विद्यालय आमच्याच जिल्ह्यातले. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते, बाबासाहेब परांजपे त्यांचे सहकारी. १९३७ला परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. १९३८ला स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी संस्थानाबाहेरून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. निजाम सरकारने बंदी घातली की ते दुसऱ्या नावाने निघे, त्यावर बंदी आली की तिसऱ्या. हेरकथेत नायक नावे बदलतो. इथे एक वर्तमानपत्र नावे बदलत होते, आणि ते संस्थानात आत पोहोचवणारी माणसे स्वतःची नावे कुठेच लिहीत नव्हती.

१९४७च्या अखेरीस संस्थानाच्या हद्दीलगत, भारताच्या मुलखात, सशस्त्र शिबिरे उभी राहिली. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ अशी माणसे बाहेरून लढ्याची सूत्रे हलवत होती. करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले झाले, तारा तुटल्या. ४ डिसेंबर १९४७ला हैदराबादेत नारायण पवार या तरुणाने निजामाच्या मोटारीवर बाँब टाकला, निजाम बचावला. ३० जानेवारी १९४८ला, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लढ्यासाठी लुटण्यात आली. त्या पैशांचा हिशेब लढ्याच्या नेत्यांपुढे ठेवला गेला, याचा मराठवाड्याला आजही अभिमान आहे. बदनापूरकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रिया निरोप आणि शस्त्रे नेत होत्या.

व्यापलेल्या युरोपातला प्रतिकारही असाच होता. तिथेही विमानातून उतरणारा हेर पहिली रात्र कुणाच्या तरी गोठ्यात काढत असे. रेल्वेचा कारकून, गावचा शिक्षक, पाव भाजणारा यांनी दार उघडले नाही, तर छत्री उतरूनही काही उपयोग नसे. कॉटनच्या विमानांना हे दार नव्हते. धावपट्टीवर उतरलेल्या पेटीपलीकडे जी माणसे लागतात, ती निजामाच्या राजवटीने आधीच गमावली होती. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने, तशीच औरंगाबादच्या बाजूने आत आली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवस. रात्री-अपरात्री आलेल्या त्या बंदुकांनी सहावा दिवस उजाडू दिला नाही. कॉटनवर इंग्लंडमध्ये खटला चालला, दंड झाला. १९६९ला तो वारला, आणि त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

बाजू कशी ओळखायची

रझाकारांना नाझी म्हणण्याचा मोह आपल्याकडच्या लेखनात जुना आहे. मला ते पटत नाही. निजाम हिटलर नव्हता, आणि आमच्या आजोबांनी सोसलेल्या गोष्टी सांगायला युरोपची उपमा उसनी आणायची गरज नाही. शिवाय ती उपमा आली की तिच्यामागून ‘ते’ आणि ‘आपण’ अशी सरळ रेघ येते, आणि ती रेघ धर्मावरून ओढली जाते. शोएबुल्ला खान मुसलमान होते, ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक होते, आणि संस्थान भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहीत होते. ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. ते रेघेच्या कुठल्या बाजूचे?

आणि शरणागतीनंतर जे घडले ते? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती भारत सरकारनेच पाठवली. १९४८च्या अखेरीस ती संस्थानात फिरली. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा होते. रझवीच्या बंदुकीशी कसलाही संबंध नसलेले विणकर, शेतकरी, तांबोळी त्यांत गेले. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला आपण रझाकारांचे अत्याचार सांगतो आणि ते खरेच आहेत, सांगितलेच पाहिजेत. पण त्यानंतरचे दोन महिने आपण गाळतो.

कॉटनच्या आयुष्यातून मला मिळणारा धडा हाच आहे. बर्लिनवरून उडणारा आणि बीडवरून शस्त्रे पाठवणारा माणूस एकच, त्याचे कौशल्य तेच, धाडसही तेच. धाडसावरून बाजू कळत नाही. गुप्तपणावरूनही नाही. कुणाच्या जिवासाठी हे चालले आहे आणि जिंकल्यावर दुबळ्याचे काय होणार आहे, यावरूनच ती कळते. या कसोटीवर मराठवाड्याचा लढा उतरतो, पण ती कसोटी १७ सप्टेंबरला थांबवता येत नाही.

कॉटनचे आत्मचरित्र आहे, लायक अलींचे पुस्तक आहे, क. मा. मुन्शींचे आहे, व्ही. पी. मेनन यांचे आहे. स्वामीजींनी लिहिले, अनंत भालेरावांनी मराठवाड्याच्या बाजूने मोठा ग्रंथ लिहिला. ज्यांच्या घरी भाकरी बांधली गेली, ज्यांच्या कडब्याच्या गंजीत माणूस लपला, आणि ज्यांनी त्याच गंजीत नंतर शेजारच्या मुसलमान कुटुंबाला लपवले, त्यांचे लिहून ठेवलेले फार थोडे आहे. कागद मागे ठेवायचा नाही हा त्या कामाचा नियमच होता. १९४८ला दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. माजलगाव, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी या तालुक्यांत अशी माणसे अजून भेटतात. त्यांच्याकडे जाताना प्रश्न दोन न्यावेत: अ‍ॅक्शनच्या आधी तुमच्या घरात कोण लपले होते, आणि अ‍ॅक्शनच्या नंतर कोण. दोन्ही उत्तरे एकाच वहीत, एकाखाली एक उतरवून घ्यावीत.