लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतरची गुडघेदुखी आणि कंपन-उपचार

सॉकर, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या, त्यातही मुलींच्या, घरी 'एसीएल' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. गुडघ्यातील हे लिगामेंट तुटले की मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंधाचा तुकडा घेऊन नवे बसवतात. त्यानंतर दुखणे बरेच दिवस चालते. इथे अमेरिकेत विमा कंपन्या अनेकदा फिजिओथेरपीच्या ठरावीकच भेटी मंजूर करतात, आणि मग घरी कंपनाचे यंत्र आणावे का, असा प्रश्न पडतो. म्हणून ही माहिती देत आहोत.

यंत्रे दोन प्रकारची. एकात सेकंदाला साधारण २० ते ५० वेळा हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर उभे राहायचे. दुसरे हातात धरून स्नायूवर लावायचे.

सुजलेला गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू बंद करून ठेवतो. स्नायू धडधाकट असूनही त्याला पूर्ण जोर लावण्याचा हुकूम पोचत नाही. कंपनाने स्नायूतील ताण ओळखणारे तंतू जागे होतात आणि स्नायू आपोआप आवळतो. दुखणे कमी वाटण्याचे कारण वेगळे. कोपर आपटले की आपण चोळतो ना, तसेच ते आहे. स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूतच अडवतात, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडला. हा आराम मात्र बहुधा थोडा वेळच टिकतो.

आजवरचे प्रयोग बहुतेक लहान आहेत. ताकद आणि तोल यांत काहींना फायदा दिसला, काहींना नाही; दुखण्याबाबतचा पुरावा आणखी तोकडा. आमच्या मते व्यायामाला जोड म्हणून ठीक, व्यायामाऐवजी मुळीच नाही. शिवाय दुखणे थांबले म्हणजे लिगामेंट तयार झाले असे नव्हे. ऑस्लोतील रुग्णांच्या २०१६ सालच्या अभ्यासात, नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले.

सर्जन किंवा फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. ताज्या जखमेवर, वाटीवर ते धरू नये. गर्भवती, पेसमेकर असलेले किंवा फिट्स येणारे यांनी प्लॅटफॉर्मपासून दूरच राहावे.

सर्वांत महत्त्वाचे पोटरीचे. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम झाली, तर यंत्र लावू नका, चोळूही नका (आजीचे गरम तेलाचे मालीशसुद्धा नको!). शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट ९११. सुट्टीत भारतात जाण्याची तिकिटे काढली असतील, तर इतका लांबचा विमानप्रवास कधी चालेल हेही सर्जनना आधी विचारून घ्या.