वासरू, गोऱ्हा, कालवड

'गोरूप'चे जसे गुरू झाले आणि 'पक्षिरूप'चे पाखरू, तसेच 'वत्सरूप'चे वासरू झाले. यातल्या 'वत्स'चे नाते 'वत्सर' म्हणजे वर्ष या शब्दाशी आहे. वत्स म्हणजे मुळात वर्षाचे जनावर. लॅटिनमधला वासराचा शब्द 'वितुलुस' याच कुळातला. वासराच्या नावातच वयाची मोजणी आहे.

यजुर्वेदातल्या चमकात ही मोजणी सविस्तर येते. दीड वर्षाचा त्र्यवि, दोन वर्षांचा दित्यवाह, अडीच वर्षांचा पंचावि, तीन वर्षांचा त्रिवत्स. आणि प्रत्येकाचे स्त्रीरूप निराळे. रुद्राबरोबर म्हटल्या जाणाऱ्या या मंत्रांत गोधन राखणाऱ्याचा चोख हिशेब आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा हिशेब दातांवर चालतो. श्रीगोंद्यातील काष्टीसारख्या बैलबाजारात दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, आठही आले की जुळलेला. घरात लहान नर तो गोऱ्हा, जोताला न लावलेला तरुण नर तो खोंड. मादी आधी पाडी, मग कालवड, पहिल्यांदा व्याली की पहिलारू. यातली 'कालवड' जुनी आहे. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातील 'देशीनाममाले'त 'कल्होड' हा शब्द वासराच्या अर्थाने नोंदलेला आहे.

खिलार गाय पूर्वी पाळली जाई ती मुख्यतः बैलासाठी. म्हणून नराच्या वाढीचा प्रत्येक टप्पा नावाने ओळखला जाई आणि त्याला किंमत होती. पुढे ट्रॅक्टर आले, संकरित गाई आल्या. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली. आता गोठ्याचा हिशेब लिटरवर चालतो आणि लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरून कालवडच जन्मावी असे पाहिले जाते. नर झाला तर त्याला ना जोत, ना गिऱ्हाईक. २०१५पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे 'गाभण कालवड' हे शब्द बाजारात रोज ऐकू येतात, 'खोंड' मात्र क्वचितच. 'आदत', 'दुसा' यांना आधार उरला तो मुख्यतः बैलगाडा शर्यतींचा.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो तेव्हा ते वासरू नर की मादी हे कोणी विचारत नाही. गोठ्यात मात्र तोच पहिला प्रश्न असतो. या दिवाळीत घरातल्या जुन्या माणसांना गोऱ्हा आणि खोंड यांतला फरक विचारावा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. कोशात अर्थ सापडेल. पण गोऱ्ह्याला खोंड कधीपासून म्हणायचे, हे ज्यांनी तो वाढवला तेच सांगू शकतील.