टेकू आणि दप्तर

सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे नेणारा जो राजमार्ग मोगलांच्या अमदानीत चालू होता, तो नवापूरच्या रानातून वर येऊन नंदुरबारच्या कसब्यास लागे आणि पुढे खानदेशातून पूर्वेकडे जाई. सन १६३० च्या भीषण दुष्काळात पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर याच वाटेने गेला, आणि वाटेत पाहिलेल्या मृत्यूच्या थैमानाचे जे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे ते आजही वाचवत नाही. प्रस्तुत लेखाला मात्र त्या वर्णनाशी कर्तव्य नाही. कर्तव्य आहे ते त्या वाटेवरून शतकानुशतके चाललेल्या भारवाहू गाड्यांशी, आणि त्यातही, गाडी मध्येच बिघडली असता तिला भुईपासून वर कशी उचलीत आणि उचलल्यावर वर कशी धरून ठेवीत, या क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नाशी.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालावयाचे तर चाक ओढून काढले पाहिजे, आणि चाक काढावयाचे तर आस उचलला पाहिजे. त्यासाठी बैल सोडून, उरलेल्या चाकामागे उटी म्हणून दगड लावून, एक बळकट वासा आसाखाली घालीत. वाशाच्या दुसऱ्या टोकावर दोघेतिघे आपला भार टाकीत, आणि गाडी वीतभर वर आली की आणखी एकजण आसाखाली लाकडाचा ओंडका सरकवी. वाशावरची माणसे हटून सारा भार ओंडक्यावर बसल्याखेरीज कोणी चाकाला हात लावीत नसे. या साध्या व्यवहारात उचलणे आणि धरणे ही दोन कामे पृथक् असून ती दोन पृथक् साधनांकडे सोपविलेली होती, आणि माझ्या मते पुढच्या तीनचारशे वर्षांत या विद्येत जी जी भर पडली ती सारी या विभागणीच्या पोटातच पडली. जे अपघात झाले तेही बहुतेक ही विभागणी विसरल्यामुळेच झाले.

१९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी व्हॅली रेल्वे झाली, आणि १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे पडून नंदुरबार पश्चिम खानदेशात गेले. मळसूत्री जॅक हे रेल्वेच्या कारागिरांचे नित्याचे हत्यार होते. मळसूत्राचा विशेष असा की दांड्यावरचा हात सुटला तरी आट्यांच्या घर्षणामुळे भार जागच्या जागी राहतो. म्हणजे उचलणारे साधन थोड्याबहुत प्रमाणात धरणारेही असते. उलट तेलाच्या दाबावर चालणारा जॅक, ज्याचे मूळ तत्त्व पास्कलचे आणि ज्याला दाबयंत्राचे रूप १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने दिले, तो एका पोऱ्याकडून दोन टनांची गाडी सहज उचलवून घेतो खरा, पण वर गेलेला भार एका झिजणाऱ्या रबरी कड्यावर सोपवून मोकळा होतो. कडे फाटले, झडपेत धुळीचा कण अडकला, की तेल परतते आणि गाडी खाली येते. कधी सावकाश, कधी एकदम. म्हणूनच तेलाच्या जॅकबरोबर घोडी आली. लोखंडी नळ्यांचे तीनचार पाय, वर एक खाच, बाजूला उंची बदलण्यासाठी भोके आणि त्यांत अडकवावयाची जाड खीळ, असे हे ओबडधोबड उपकरण वेल्डिंगवाल्याकडून भंगारातूनही करून घेता येते. ‘पहिले घोडी, मंग पाना’ ही खानदेशी मिस्तरीची पोऱ्याला दटावणी म्हणजे त्या जुन्या ओंडक्याचाच नवा पाठ होय. खीळ हरवली म्हणून तिच्या जागी खिळा किंवा पानाच अडकविणारे शहाणेही आहेतच.

पहिल्या मोटारींच्या काळी गॅरेज असे नव्हतेच; झाडाची सावली, जॅक आणि लाकडाचे ठोकळे एवढ्यावर भागत असे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने भाडोत्री वाहनांना योग्यतेचा दाखला सक्तीचा केला आणि गाडीच्या पोटाखाली काय चालले आहे याची चौकशी करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण गाडीखाली नियमाने, ठरल्या दिवशी, माणूस पाठविण्याची शिस्त या भागात खऱ्या अर्थाने आणली ती एस.टी.ने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली आणि पुढे ही वाहतूक राज्यभर पसरली. आज नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा ही आगारे नंदुरबार जिल्ह्यात आहेत.

आगारात बस उचलीत नाहीत. बस जेथल्या तेथे राहते आणि माणूस खाली उतरतो. पिट म्हणजे जमिनीत बांधलेली अरुंद, लांबट खाई. तिच्या दोन्ही कडांवर चाके आणि मधल्या फटीत मिस्तरी. भार पडण्याचे भय त्यात जवळजवळ नाही. पण पावसाळ्यात पाणी साचते, झाकण नसलेल्या पिटात अंधारात माणूस पडतो, आणि पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती खालीच कोंडून राहते व एका ठिणगीची वाट पाहते. कारखाने अधिनियमाच्या ३६-अ कलमात, पुरेशी सुरक्षा-साधने नसतील तर खड्ड्यासारख्या कोंडलेल्या जागी २४ व्होल्टांहून अधिक दाबाचा हातदिवा नेण्यास जी मनाई होती, तिचे मर्म पिटात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. तथापि पिटाहून मोठी देणगी होती ती दप्तराची. चालकाने दोष लिहून द्यावयाचा, मिस्तरीने केलेले काम लिहून सही करावयाची, पर्यवेक्षकाने रुजवात घ्यावयाची, ही पद्धत महसूल खात्याच्या कागदांना सरावलेल्या प्रदेशाला नवीन नव्हती. नवीन एवढेच होते की ती आता ब्रेकला आणि कमानीच्या पाट्याला लागू झाली.

गाडीच उचलून माणसाला उभ्याने काम करू देणारी लिफ्ट ही अमेरिकेची कल्पना. मेम्फिस येथील पीटर लुनाती याने न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून ती उचलली आणि १९२५ मध्ये तिचे पेटंट मिळविले. जमिनीत पुरलेले एक नळकांडे, त्यातून वर येणारा एकच जाड दांडा आणि त्यावर गाडी, असे तिचे रूप. आपल्याकडे पेट्रोल पंपांवर गाड्या धुण्यासाठी याच जातीची लिफ्ट प्रचारात आली. हवेच्या दाबाने तेल ढकलून ती चढते, आणि तेल जमिनीखाली झिरपत असेल तर वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दोन खांबांची लिफ्ट हा त्या पुढचा टप्पा, आणि नंदुरबार-शहाद्याच्या गॅरेजांत आज दिसते ती बहुधा हीच. तिच्या मळसूत्री प्रकारात एक लक्षणीय युक्ती असते: भार वाहणाऱ्या पितळी नटाखाली दुसरा, एरवी काहीच न करणारा नट थोड्या अंतरावर चालत असतो. वरचा नट झिजत गेला की दोहोंमधले अंतर कमी होते, आणि ते अंतर मापून वरच्याचे आयुष्य किती उरले हे सांगता येते. वरचा तुटलाच तर खालचा गाडी झेलतो. तेलाच्या प्रकारात ते काम खांबातले लॉक करतात. गाडी चढताना खट्-खट् असा जो आवाज येतो तो लॉक एकेका खाचेवरून सरकत असल्याचा. हव्या त्या उंचीवर पोहोचल्यावर गाडी किंचित खाली सोडून ती दोन्ही खांबांच्या लॉकवर बसविली पाहिजे. ज्याने नुसते चढविण्याचे बटण सोडले आणि जो खाली शिरला, तो रबरी कड्याच्या भरवशावर उभा आहे.

धडगाव-मोलगीकडे प्रवासी वाहणाऱ्या जीप चांदसैली आणि देवगोईच्या घाटांतून कमानीचे पाटे तोडून येतात तेव्हा ही काळजी अधिक लागते. लिफ्टच्या चारी भुजांच्या गाद्या गाडीच्या चौकटीच्या नेमक्या जागी लागल्या पाहिजेत, आणि टपावरचा माल आधी उतरला पाहिजे. चाके जमिनीपासून वीतभर सुटली की थांबून गाडी हलवून पाहावी. डोलली तर खाली घेऊन पुन्हा लावावी. इंजिन उतरविताच भार मागे जातो आणि मघापर्यंत समतोल असलेली गाडी मागच्या बाजूस कलंडू लागते. त्या वेळी मागे उंच घोडी लागते.

एक धोका मात्र पूर्णपणे इथल्या मातीचा. तापीकाठची खोल काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा जमिनीवर पातळ फरशी टाकून खांब ठोकला, तर काही वर्षांत अँकर बोल्टभोवती केसासारखी चीर दिसू लागते. काँक्रीटचा थर उत्पादकाने सांगितला तितका जाड हवा, पुरते पाणी घालून पक्का होऊ दिलेला हवा, आणि बोल्ट मधूनमधून पुन्हा आवळले पाहिजेत. दोन्ही बाजूंच्या भुजा सारख्या चढविणाऱ्या तारदोराची तार तुटू लागली आहे का, साखळी ताणली गेली आहे का, नळी पाझरते का, हे पाहणे एका माणसाचे अर्ध्या तासाचे काम आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि भार उचलणाऱ्या इतर यंत्रांची दर वर्षाने सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करून तिची नोंद ठेवण्याचे बंधन घातले. पण मूळ कायद्यात विजेवर चालणारी जागा दहा माणसे असल्याखेरीज कारखाना ठरत नव्हती, आणि लिफ्टची व्याख्याही मार्गदर्शक पट्ट्यांत चालणाऱ्या मंचाची वा पिंजऱ्याची. चार भुजांना मंच म्हणावे की नाही हा वाद वकिलांना सुखाने चालविता येईल. मालक, मिस्तरी आणि दोन पोरे एवढ्या माणसबळाच्या गॅरेजात मग निरीक्षक येणार कोठून? एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेला मिस्तरी गावात गॅरेज घालतो तेव्हा हाताचे कसब घेऊन येतो, पण ती सहीची वही मागेच राहते. मिरची वाळविण्याच्या पथारीवरून किती पोती निघाली याची कीर्द रोज लिहिणाऱ्या या गावांत, लिफ्टचा तारदोर शेवटचा केव्हा बदलला याचे उत्तर बहुधा ‘मागच्या दिवाळीच्या आसपास’ एवढेच मिळते, आणि कोणती दिवाळी हे मालकाला नि मिस्तरीला वेगवेगळे आठवते.