पत्ता सांगणारा धर्मगुरू

मद्यपाशात सापडलेल्या माणसाच्या घरून बोलावणे आले की आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक बहुधा तीन गोष्टी करतो. उपदेश करतो, प्रार्थना करतो आणि वेदीपुढे शपथ घ्यावयास लावतो. यांपैकी एकीचेही मोल आम्ही कमी लेखत नाही. तथापि चौथी एक साधी गोष्ट आपल्या हातून राहून जाते. तिचे महत्त्व ध्यानी यावे म्हणून थोडा इतिहास पाहू.

इ. स. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे विल्यम विल्सन व्यवसायानिमित्त अमेरिकेतील अॅक्रन या शहरी आले होते. दारू सोडून त्यांस जेमतेम पाच महिने झाले होते. हाती घेतलेले काम फसले. हॉटेलच्या दालनात एका बाजूस मद्यगृह होते, तर दुसऱ्या बाजूस दूरध्वनी व शहरातील चर्चची यादी. दुसऱ्या मद्यपाशी माणसाशी बोलल्यावाचून आपण आज तरणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि यादीतील एका धर्मगुरूस दूरध्वनी केला. ते होते एपिस्कोपल पंथाचे रेव्हरंड वॉल्टर टंक्स. या अनोळखी माणसास त्यांनी काही नावे दिली. त्या नावांवरून शोध घेता घेता विल्सन हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्यांच्या घरी विल्सन यांची व डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची भेट झाली. पंधरा मिनिटेच बसेन म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ अर्थात ए.ए. या बंधुसंघाचा स्थापनादिन मानला जातो.

आरंभीच्या सभा घरोघरी भरत आणि त्या ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक चळवळीशी जोडलेल्या होत्या. क्लीव्हलंडचे काही मद्यपाशी दर आठवड्यास अॅक्रनला जात. त्यांत कॅथलिक होते आणि त्या चळवळीच्या उपासनापद्धतीमुळे त्यांचे धर्मगुरू त्यांस जाऊ देईनात. अखेर १९३९ च्या मे महिन्यात क्लीव्हलंडला स्वतंत्र सभा सुरू झाली व तिने नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ हेच नाव घेतले. त्याच वर्षी अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात धर्मभगिनी इग्नेशिया यांनी डॉ. स्मिथ यांच्या साहाय्याने मद्यपाश्यांस दाखल करून घेण्यास आरंभ केला. १९४० मध्ये येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग विल्सन यांस येऊन भेटले. बारा पायऱ्या आणि संत इग्नासच्या आध्यात्मिक साधना यांतील साम्याने त्यांचे लक्ष वेधले होते. पुढे त्यांनी विल्सन यांस दीर्घकाळ आध्यात्मिक साथ दिली. ते स्वतः मद्यपाशी नव्हते. या सर्वांनी दार उघडले, पण सभेची सूत्रे आपल्या हाती घेतली नाहीत.

१९५० साली स्वीकारलेल्या बारा परंपरांनी ही मर्यादा पक्की केली. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. वर्गणी नाही, बाहेरची देणगी नाही, कोणत्याही पंथाशी संलग्नता नाही. १९५७ साली हे कार्य भारतात आले. चर्चच्या वा शाळेच्या एखाद्या खोलीत सायंकाळी चारदोन माणसे जमलेली आज आपणही पाहतो.

येथे आमची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. सीमाभागातील एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक असताना एका गृहस्थांकडून आम्ही तीन वेळा शपथ घेवविली. तिन्ही वेळा ती मोडली, आणि पुढे ते लाजेने मिस्सेला येईनासे झाले. त्यांच्या अंत्यविधीस आलेल्या एका अपरिचित माणसाने आम्हांस विचारले, “फादर, आमची सभा इथून तासाभराच्या अंतरावर दर आठवड्याला भरते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का?” आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही कधी चौकशीच केली नव्हती.

म्हणून धर्मबंधूंस विनंती आहे. आपल्या परिसरात सभा कोठे, कोणत्या वारी व कोणत्या भाषेत भरते, याची नोंद धर्मग्रामाच्या कार्यालयात असावी. ती वरचेवर पडताळावी, कारण जागा व वेळा बदलतात. खुल्या सभेस कोणासही जाता येते. तेथे प्रथम आपण स्वतः जाऊन मागच्या बाकावर बसावे आणि ऐकावे. बंद सभा केवळ मद्यपाश्यांसाठी असते; तेथे आपल्या माणसास दारापर्यंत पोहोचवून परत फिरावे. तेथे ऐकलेली नावे बाहेर उच्चारू नयेत. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल्-अनॉन हा वेगळा संघ आहे, तोही शोधावा. जवळपास सभा नसेल, तर दारू सोडू पाहणारे दोघे-तिघे एकत्र आले तरी समूह होतो, असे तिसरी परंपरा सांगते. दोघातिघांच्या मेळाव्याविषयी प्रभूने दिलेले वचन तर आपणां सर्वांस पाठ आहे. अशांस एक खोली व तिची किल्ली द्यावी.

प्रायश्चित्त संस्काराची जागा ही सभा घेत नाही, आणि सभेची जागा आपणही घेऊ शकत नाही. पापाची क्षमा मिळालेल्या माणसासही पुढच्या शनिवारची संध्याकाळ एकट्याने काढावयाची असते. टंक्स यांनी दूरध्वनी उचलला व विचारणाऱ्यास नावे दिली. आपल्या दारी उद्या कोणी विचारावयास आले, तर त्यास सांगावयास आपणांपाशी पत्ता आहे काय?