महालातला लाकडी नंदी

साल १८०६, पोळ्याचा दुसरा दिवस. तुम्ही आर्णीचे, वर्धा नदी ओलांडून नागपुरात आलात आणि आता चिखल तुडवत महाल भागात शिरताय. समोर भोसल्यांचा वाडा. काळ्या दगडाचा, लाकडावर बारीक कोरीवकाम. नगारखान्याखाली पोरांची ही गर्दी!

काल आखरावर खरे बैल होते. झडत्यांची गाणी म्हणणारी मोठी माणसं पुढे, आणि बारकी पोरं शिंगांच्या धाकानं लांब. आज तीच पुढे घुसतात, कारण आजचा बैल लाकडाचा आहे. तुम्हालाही मान वर करावी लागते. आठ फूट उंच नंदी, अंगावर झूल, शिंगांना बेगड. दुसऱ्या रघुजीराजांनी तो खास या पोरांसाठी घडवून घेतलाय. पोरांचा हा तान्हा पोळा इथून, या वाड्यातून सुरू होतोय. तोरण तुटतं, एकच गलका होतो, खाऊ वाटायला लागतात आणि कुणीतरी तुमच्याही हातावर ठेवतं.

आता जरा राजांकडे बघा. तीनच वर्षांपूर्वी, १८०३ च्या नोव्हेंबरात, आडगावला त्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. डिसेंबरात देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. तुमची आर्णी त्यातच गेली. तुम्ही जिथून निघालात तो मुलूख आता निजामाचा. इतकं गमावलेल्या माणसाला लेकरांचा सण सुचावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांच्या लढायांपेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

या वाड्याचं पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, सभोवतालच्या कुणालाच नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा होईल. १८६४ मध्ये वाडा जळेल, नगारखाना तेवढा उरेल. पण महालातून मोठ्या नंदीची मिरवणूक आजही निघते. आणि तहात तोडलेल्या त्या वर्धेपलीकडच्या मुलखातही तान्हा पोळा घरोघर रुजला.

तेव्हा आता आजच्या काळात परत या. दारात पोरं आलीत, गळ्यात घुंगरं बांधलेले चाकांचे नंदी ओढत. बोजारा मागताहेत. सुटे पैसे काढा, नंदीला कुंकू लावा, आणि सगळ्यात लहान नंदीवाल्याला आधी द्या.