आकड्यांतील वसई आणि माणसांची वसई

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभुजन्माची कथा शिरगणतीपासून सुरू होते. कैसर औगुस्ताची आज्ञा झाली आणि योसेफ व मरिया बेथलेहेमच्या वाटेला लागले. सम्राटाला प्रजेची मोजदाद हवी होती. शुभवर्तमानकाराने मात्र गव्हाणीतले बाळ लक्षात ठेवले. मोजणारा जे विचारतो, तेवढ्याचेच उत्तर आकडा देतो. हे ध्यानात ठेवून आपण आपल्या वसईचे आकडे वाचून पाहू.

वसई १५३४ साली पोर्तुगिजांच्या हाती आली. शंभर वर्षांनी, १६३५ च्या सुमारास, अंतोनियो बोकारो याने पूर्वेकडील पोर्तुगीज किल्ल्यांचा व शहरांचा वृत्तांत राजासाठी सिद्ध केला. त्या काळच्या नोंदींनुसार वसई शहरात ४०० पोर्तुगीज कुटुंबे, २०० एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबे आणि १,८०० गुलाम होते. शहर कोणाच्या बळावर उभे होते, हे या तीन आकड्यांतून लख्ख दिसते. परंतु मोजणीमागे संरक्षणाचा विचार असल्याने स्त्रिया व मुले 'कुटुंब' या एका शब्दात मिटून गेली. गुलामांची बेरीज राहिली, नावे राहिली नाहीत. मोजणी शहराची, म्हणून त्या शहराला अन्न पुरविणारे आसपासच्या गावांतील शेतकरीही तिच्यात नाहीत.

नावे राहिली ती चर्चच्या नोंदवह्यांत. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची व स्नानसंस्काराची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने या वह्यांचे नमुने ठरवून दिले. बाळाचे नाव, आईवडिलांचे नाव, धर्ममातापित्यांचे नाव असा तो क्रम. राजदरबाराला घराण्यांची संख्या पुरली. चर्चला प्रत्येक जीव नावाने हवा होता. अर्थात या वहीलाही मर्यादा आहेच. ज्याचा स्नानसंस्कार झाला नाही, तो शेजारी तिच्यात सापडत नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले. पण येथला ख्रिस्ती कुणबी आपल्या मातीत आणि श्रद्धेत राहिला. सत्तांतराच्या इतिहासात त्याला एखादी ओळ मिळते. त्याच्या टिकून राहण्याची साक्ष मात्र गावोगावच्या धर्मग्रामांनी दिली आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. २००१ च्या जनगणनेत वसई हे सुमारे ४९ हजार वस्तीचे लहान शहर होते. शेजारी नालासोपारा १ लाख ८४ हजार, विरार १ लाख १८ हजार आणि नवघर-माणिकपूर १ लाख १६ हजार, अशी स्वतंत्र नगरे होती. २००९ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या तक्त्यात 'वसई-विरार शहर' १२ लाखांवर गेले. वाढ खरीच आहे. मुंबईत घर न परवडणारी हजारो कुटुंबे लोकलच्या आधाराने येथे आली. पण त्या उडीतला काही भाग सीमारेषेचाही आहे, कारण चार नगरे व अनेक गावे एका नावाखाली आली. गावे वगळावीत म्हणून येथे आंदोलन उभे राहिले, न्यायालयाची पायरीही चढावी लागली. तक्त्याला याची खबर नाही. तेथे आपले लहान शहर निमूटपणे नाहीसे झाले आहे.

रकान्यांचेही असेच आहे. 'ख्रिस्ती' या एका शब्दात सामवेदी, वाडवळ, कोळी आणि १८८७ साली ईस्ट इंडियन हे नाव घेतलेला समाज, सारे एकत्र येतात. मातृभाषा विचारली की आपल्यापैकी बहुतेक जण 'मराठी' म्हणून मोकळे होतात, आणि कादोडी वा वाडवळी बोली कागदावर उमटत नाही. देशभरात दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेली मातृभाषा तर 'इतर' मध्येच जाते. पहाटेच्या गाडीने भाजी व फुले घेऊन मुंबई गाठणाऱ्या बाईविषयी घरातल्या कोणी 'घरकाम करते' असे सांगितले, तर ती बिनकामाची ठरते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधवाची गणना अनुसूचित जातीत होत नाही. त्याचे दुःख कोणत्याच रकान्यात मावत नाही.

म्हणून आकडे टाकाऊ आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पाणी, शाळा, दवाखाना मागायचा तर संख्या हाताशी हवी. आपली संख्या अवाच्या सवा फुगवणाऱ्याला आणि तिचा बागुलबुवा करणाऱ्याला, दोघांनाही उत्तर आकडाच देतो. फक्त आकड्याला पूरक अशी दुसरी साक्ष आपण जपली पाहिजे.

२०२१ ची जनगणना महासाथीमुळे लांबली आणि २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना २०२५ साली निघाली. प्रगणक दाराशी येईल तेव्हा घरात बोलली जाणारी बोली तिच्या नावाने सांगावी. घरातल्या स्त्रीचे काम काम म्हणूनच नोंदवावे. प्रत्येक धर्मग्रामाने जुन्या नोंदवह्या वाळवीपासून व ओलीपासून वाचवाव्यात, आणि वडीलधाऱ्यांना गावाची, विहिरींची, वाड्यांची नावे विचारून लिहून ठेवावीत. ही नावे सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.