चुकीला नाव द्या

आपल्याकडे एके काळी जिचं केवढं अप्रूप होतं ती रॅले सायकल मूळची इकडची, नॉटिंगहॅमची. तिच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर १९९९ साली विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस सुरू झाला. तिथल्याच ग्रॅहॅम हटन आणि जोएल राइट यांनी २००४ साली एक निबंध सादर केला. विषय काय, तर प्रोग्रॅममधली एक्सेप्शन्स कंपाइल झाल्यावरही बरोबर चालतात, याची गणिती सिद्धता!

एक्सेप्शन म्हणजे फेकाफेकी आणि झेलाझेली. काम अडलं की प्रोग्रॅमचा तो भाग अडचण वर फेकतो. वरच्या कुणीतरी ती झेलायची. पूर्वी चूक झाली की फंक्शन उणे एक वगैरे आकडा परत करायचं. तो तपासायचा कंटाळा केला, की प्रोग्रॅम आपला तसाच पुढे. १९६०च्या दशकात आयबीएमच्या पीएल/वन भाषेने अडचणींना स्वतः नावं द्यायची सोय केली. पुढे सी प्लस प्लस आणि १९९६च्या जावामध्ये प्रत्येक अडचणीला स्वतःचा क्लास देता येऊ लागला, सोबत हवी ती माहितीही. हेच कस्टम एक्सेप्शन. नुसतं 'एरर' न म्हणता 'शिल्लक अपुरी, अमुक खातं, इतकी रक्कम' असं सांगायचं.

आता म्हणाल, नावाने असा काय फरक पडतो? इकडच्या पोस्टाचंच घ्या ना. इथली लहान पोस्टं बहुधा दुकानदार चालवतात, आणि तूट आली तर ती त्यांच्याकडूनच वसूल होत असे. त्यांच्या हिशेबासाठी १९९९च्या सुमारास होरायझन ही संगणकप्रणाली आली. त्यातली एक चूक स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावाच्या नावाने ओळखली जाते. २०१५ साली तिथे ८,००० पौंड जमा करताना स्क्रीन बंदच होईना. एंटर पुन्हा पुन्हा दाबलं गेलं आणि एकच रक्कम चार वेळा जमा झाली! हिशेबात २४,००० पौंडांचा फरक.

'ही रक्कम आधीच जमा आहे' असं एक्सेप्शन तिथे फेकलं गेलं असतं, तर काउंटरवरच्या माणसाला तिथल्या तिथे कळलं असतं. होरायझनमध्ये चुका अनेक प्रकारच्या होत्या, पण दुकानदाराच्या पदरी एकच शब्द पडायचा: तूट. आणि तूट म्हणजे चोरी! १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतल्या चुका एकेक नावानिशी निकालात मांडल्या. २०२४ मध्ये शेकडो शिक्षा कायदा करून रद्द कराव्या लागल्या.

गंमत म्हणजे हटन-राइट यांच्या इवल्याशा भाषेत एक्सेप्शन एकच होतं, तेही बिननावाचं. सिद्धतेला तेवढं पुरतं. फेकलेलं झेलणाऱ्यापर्यंत पोचेल एवढी हमी कंपाइलर देऊ शकतो. नक्की काय चुकलं आणि ते कुणाला कळायला हवं, हे मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. तेव्हा मंडळी, झेललेलं एक्सेप्शन गुपचूप खिशात घालू नका. त्याचा भुर्दंड तिसराच कुणीतरी भरत असतो.